दीड आटा

नईमने बाटलीतलं पाणी मागच्या डिस्कवर शिंपडलं, तसं ते चर्रकन उडालं. पुन्हा शिंपडलं, पुन्हा तेच. शेवटचे दोन किलोमीटर तो ब्रेकला पायसुद्धा न लावता आला होता, तरी डिस्क तव्यासारखी तापली होती. त्याने बुलेट डबल स्टँडवर चढवली आणि मागचं चाक फिरवून पाहिलं. काल वर्कशॉपात एका बोटाने गरगर फिरणारं चाक आता दोन्ही हातांना दाद देईना.

"सापडली," तो गाडीला म्हणाला आणि खरंच खूश झाला.

खुशीचं कारण होतं. दोन दिवस ह्या गाडीने त्याला घाम फोडला होता. कॅलिपर उघडला, दोन्ही पिस्टन काढून पुसले, पिनांना ग्रीस लावलं, पॅड घासले, ब्रेक ऑईल बदललं. कुठेच काही नाही. गाडी थंड असली की ब्रेक इतका शहाण्यासारखा वागायचा, की आजारी गाडी आहे की मिस्त्री, असा प्रश्न पडावा. म्हणून आज सकाळी तो तिला मूलहून चंद्रपूरच्या रस्त्याला घेऊन निघाला आणि नवव्या किलोमीटरला तिने दुखणं दाखवलं. दोन्ही बाजूंना सागाचं जंगल होतं आणि वाघाचं चित्र असलेली वनखात्याची पाटी होती. सूरजागडच्या खाणीतून दगड भरून आलेला एक ट्रक धुरळा उडवत निघून गेला. मग सगळं शांत झालं.

नईमने कॅलिपरचा तेल सोडायचा निपल पान्याने जरासा ढिला केला. आतलं तेल पिचकारीसारखं उडालं आणि त्याच क्षणी चाक मोकळं झालं.

म्हणजे पाय काढल्यावर जे तेल परत वर जायला हवं, त्याला जायला वाटच नव्हती. तापलं की तेल फुगतं. फुगलेल्या तेलाला जागा मिळाली नाही की ते पॅड दाबत बसतं आणि गाडी आपली आपणच ब्रेक मारत राहते. चालवणाऱ्याच्या पायाचा त्यात काही संबंध नसतो. आणि ती वाट बंद राहायचं आता एकच कारण उरलं होतं. पॅडलपासून मास्टर सिलिंडरला जाणारा रॉड गरजेपेक्षा जास्त कसलेला असणार, म्हणजे पाय काढला तरी सिलिंडर थोडा दाबलेलाच राहणार.

नईम गुडघ्यावर बसला आणि त्याने मान वाकडी करून रॉडकडे पाहिलं.

रॉडच्या नटावर लाल रेघ होती. शहजादीच्या नेलपॉलिशची. बायकोची बाटली संपत आली की तो ती वर्कशॉपात आणायचा आणि हातून कसलेल्या प्रत्येक नटावर तिची एक रेघ ओढायचा. मग पुढे कोणी त्या नटाला पाना लावला तर रेघ तुटायची आणि नईमला कळायचं. गिऱ्हाइकांशी वाद झाला की तो हीच रेघ दाखवायचा आणि छाती फुगवून म्हणायचा, बघा, हे माझं काम नाही.

ही रेघ अखंड होती. नईम तिथेच रस्त्याच्या कडेला, मुरमावर बसून राहिला.

ही बुलेट रामाजींची. रामाजींनी एकतीस वर्षं एसटी चालवली होती, त्यातली निम्मी एटापल्ली आणि सिरोंच्याच्या रस्त्यांवर. त्यांच्या ब्रेकची गोष्ट मूलमध्ये अजून सांगतात. गाडी स्टँडवर उभी राहिली तरी झोपलेल्या माणसाची झोप मोडायची नाही, कंडक्टरला हलवून उठवावं लागायचं. रिटायर होऊन बारा वर्षं झाली, पण चहाच्या टपरीवर त्यांना अजून 'ड्रायव्हर' म्हणत आणि त्या हाकेला ते मान ताठ करून ओ देत. दरवर्षी सोळा ऑक्टोबरला, चंद्रपूरच्या धम्मदीक्षेच्या दिवशी, बायकोला, मनकर्णाबाईंना, मागे बसवून ते तिथल्या दीक्षाभूमीवर जायचे, तेही ह्याच बुलेटवर. सत्तरी उलटल्यावर ड्रमब्रेक दाबायला जोर लागतो म्हणून ह्या वर्षी त्यांनी मागे डिस्क बसवून घेतली. डिस्क, कॅलिपर वगैरे नव्या गाडीचं, आणि मधला रॉड नईमने स्वतः लेथवर करून घेतलेला.

ह्या सोळा ऑक्टोबरला चंद्रपूरला जाताना, ह्याच रस्त्यावर, समोरून ट्रक आला म्हणून रामाजींनी गाडी जरा कडेला घेतली आणि मागचं चाक जाम झालं. गाडी मुरमावरून घसरली. रामाजींना खरचटलंही नाही. मनकर्णाबाईंचं उजवं मनगट मोडलं.

"बाबांचा पाय आता राह्यला नाई, नईमभाई," त्यांचा मुलगा प्रफुल टेम्पोतून गाडी उतरवताना म्हणाला होता. प्रफुल चंद्रपूरला नोकरी करायचा. आईचं प्लास्टर पाहून त्याचा जीव खालीवर झाला होता. "नवीन ब्रेक, आन् हे त्याच्यावर उभेच राह्यले असतीन. चाक जाम नाई होईन तं काय होईन? आता दुरुस्त करा आन् गिऱ्हाईक पाहा. गाडी इकून टाकाची हाय."

रामाजी बाजूलाच उभे होते. स्वतःच्या उजव्या पायाकडे, चपलेतल्या अंगठ्याकडे पाहत राहिले होते.

आणि नईम म्हणाला होता, "वय होते, प्रफुलभाऊ. त्याले काय इलाज?"

हे त्याला आता, रस्त्याच्या कडेला बसल्यावर आठवलं. रॉड जास्त कसणं ही चूक झाली, कोणाच्याही हातून होईल. पण हे वाक्य त्याला कोणी म्हणायला लावलं नव्हतं.

डिस्क बसवली त्या शुक्रवारचं सगळंच आठवलं मग. गाडी तयार होती. रामाजी पॅडल दाबून म्हणाले होते, "नईम, ढिलं लागून राह्यलं. माह्या पायाले टेकलं की धरलं पाह्यजे." पॅडलला बोटभर ढील ठेवावीच लागते, हे नईमला पाठ होतं. पण म्हाताऱ्याचं मन मोडवेना, आणि जुम्म्याच्या नमाजला जेमतेम वीस मिनिटं उरली होती. त्याने रॉड दीड आटा, म्हणजे दीड फेरा, कसला. रामाजी खूश झाले. नवा ब्रेक बसवला की दहा किलोमीटर तापवून आणायचा, हा त्याचा स्वतःचाच नियम. त्या दिवशी तो फक्त जवळच्या राईस मिलपर्यंत जाऊन परत आला. मग रेघ ओढली, हात धुतले आणि टोपी घालून मशिदीकडे पळाला. पुढचे सहा दिवस रामाजींनी गाडी गावातल्या गावात फिरवली. तेवढ्यात ती तापली नाही.

नईमने पाना लावला. लाल रेघ तुटली. त्याने रॉड दीड आटा मागे घेतला, तिथून चिचपल्लीपर्यंत गाडी पळवली, परत आणली. डिस्कवर हात ठेवला तर ती नुसती कोमट होती. काम फत्ते झालं होतं आणि त्याला घरी जावंसं वाटत नव्हतं.

दुपारी तो रामाजींच्या घरी गेला. मनकर्णाबाई ओसरीवर बसून डाव्या हाताने तांदूळ निवडत होत्या. उजवा हात गळ्यातल्या पट्ट्यात होता. डाव्या हाताला खडा काही केल्या सापडत नव्हता, तरी त्या नेटाने शोधत होत्या.

"ये, नईम. गाडी झाली काय?"

"झाली, बाई. भाऊ कुठी गेले?"

"बजारात. भाजी आणाले." त्या जराशा हसल्या. "आता तेच आणतेत, तेच चिरतेत. बस नं."

नईम बसला नाही. उभ्या उभ्याच त्याने सगळं सांगितलं. रॉड, दीड आटा, शुक्रवार, राईस मिल. बोलताना त्याची नजर सुपातल्या तांदळावर होती. "भाऊच्या पायाची काईच गलती नोती, बाई. माही होती. तुमचा हात माह्यानं मोडला."

मनकर्णाबाईंचा हात थांबला.

"म्हंजे पाय बरा हाय त्याइचा?"

"एकदम बरा."

त्यांनी डोळे मिटले आणि मोठा श्वास सोडला. आता बोलतील, आता हाकलून देतील, म्हणून नईम वाट पाहत राहिला. ते झालं असतं तर त्याला बरंच वाटलं असतं.

"त्याइले सांगतलं काय तू?"

"नाई. आधी तुमाले सांगाव म्हटलं."

"मंग नोको सांगू."

नईमने वर पाहिलं.

"बावीस वर्सं मी त्या गाडीवर मागं बसली," मनकर्णाबाई हळू आवाजात म्हणाल्या. "एक दिवस बिनभीतीची बसली नाई. पन ड्रायव्हरच्या बायकोनं भेव लागते म्हनाव काय? लोकं हासतीन, त्याइले वाईट वाटन. बसत राह्यली. आता ते सोताच म्हनतेत, गाडी नाई. तू सांगशीन तं उद्या सकाळीच किक मारतीन."

"पन भाऊ सोताले दोष देऊन राह्यले, बाई."

"देऊन राह्यले. मले दिसते नं." त्यांनी सुपातला एक खडा चिमटीत धरला, तो निसटला, पुन्हा धरला. "ते मी पाहीन. तू नोको सांगू."

"मी तुमचा गुन्हेगार हाओ."

"हाओस," त्या म्हणाल्या. "माह्या मनात राग नाई असं नोको समजू. प्लास्टर निघू दे, मंग येईन तुह्या दुकानात तुले बोलाले."

फाटक वाजलं. रामाजी पिशवी घेऊन आत आले. पिशवीतून मेथीची जुडी डोकावत होती.

"जय भीम, भाऊ."

"जय भीम. झाली काय गाडी?"

"झाली."

"काय निघालं?"

मनकर्णाबाईंची मान सुपात होती. डावा हात तांदळातून नुसताच फिरत होता.

"किरकोळच होतं, भाऊ," नईम म्हणाला. "साफसफाई केली."

रामाजींनी मान डोलावली. पिशवी ओट्यावर ठेवली, मेथी बाहेर काढली, आणि जुडीचा दोरा सोडता सोडता म्हणाले, "म्हंजे पायच."

नईमला तिथून कधी निघतो असं झालं. घरी शहजादीने वाढलेलं ताट त्याने तसंच परत केलं. काय झालं म्हणून तिने विचारलं, तर पोट बिघडलंय म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने नुकतं शटर वर केलं होतं, तर रामाजी दारात. सीटवरचं कव्हर न्यायला आले होते. निळ्या कापडाचं, कडेला पांढरी शिलाई घातलेलं ते कव्हर मनकर्णाबाईंनी शिवलेलं होतं.

"गिऱ्हाइकाले द्याचं नाई म्हनते ती," रामाजी म्हणाले.

बुलेट स्टँडवर उभी होती. कव्हर सोडवायला ते वाकले, मग काय वाटलं कोण जाणे, टांग टाकून वर बसले. हँडलवर हात ठेवले. नईम पाठमोरा होऊन डब्यातले नट उगाच वेगळे करू लागला. मागून पॅडलचा आवाज आला. एकदा. थांबून पुन्हा एकदा.

"नईम."

"हो, भाऊ."

"हे ढिलं केलंस तू."

नईमने वळून पाहिलं. जेमतेम बोटभर ढील होती ती. ती ओळखायला त्याला स्वतःला वाकून पाहावं लागलं असतं. म्हाताऱ्याने चपलेतल्या पायाने ओळखली होती.

"किती?" रामाजींनी विचारलं.

"दीड आटा."

रामाजींनी पुन्हा पॅडल दाबलं. सोडलं. दाबलं. लहान मूल हाती लागलेलं खेळणं पुन्हा पुन्हा वाजवून बघतं तसं. एकतीस वर्षं एसटीचे ब्रेक सांभाळलेल्या माणसाला पुढचं समजावून सांगायची गरज नव्हती.

"तापलं, आन् तेल वापस नाई गेलं."

"हो, भाऊ. माही गलती. मी कालच... मले माफ करा."

"मीच म्हटलं होतं कस म्हनून."

"तुमी म्हटलं तरी मी कसाले नोको होतं. मिस्त्री मी हाओ."

"हां," रामाजी म्हणाले. "ते खरं हाय." आणि ह्या शब्दांनी नईमला आतून बरं वाटलं, कारण निदान कोणीतरी त्याची चूक त्याच्या पदरात टाकली होती.

रामाजी खाली उतरले. त्यांचा चेहरा वीस वर्षांनी तरुण झाल्यासारखा दिसत होता. उजवा पाय त्यांनी जमिनीवर एकदा आपटून पाहिला. नईमला वाटलं, आता हे म्हणणार, दे किल्ली. मनकर्णाबाईंचे शब्द त्याच्या कानात होते आणि काय करावं ते सुचत नव्हतं.

पण रामाजींनी कव्हरच्या गाठी सोडवायला घेतल्या.

"आमच्या घरी सांगू नोको हे," ते म्हणाले.

"काऊन, भाऊ?"

"ती मागं डोळे मिटून बसत होती. बावीस वर्सं. मले आरशात दिसे." गाठ घट्ट बसली होती, त्यांनी ती दाताने ओढली. "तिले वाटे मले मालूम नाई. मीबी कदी बोललो नाई. मले गाडी सोडाची नोती नं. ती बोलली असती तं सोडा लागली असती." कव्हर सुटलं. त्यांनी त्याची नीट घडी घातली. "आता पाय गेला म्हटलं तं तिचा जीव भांड्यात पडला. आता तसाच राहू दे."

"पन लोक काय म्हनतीन, भाऊ? ड्रायव्हरचा पाय गेला म्हनून राह्यले सगळे."

"म्हनू दे." कव्हर काखेत मारून ते दाराशी गेले आणि वळले. "मले मालूम झालं नं. बस झालं."

रविवारी गिऱ्हाईक आलं. एटापल्लीकडच्या शाळेतले जंगू मास्तर. जुन्या बुलेटचे भक्त. नईम गाडी घेऊन रामाजींच्या अंगणात आला. प्रफुलही चंद्रपूरहून आला होता. मास्तरांनी गाडीला तीन फेऱ्या मारल्या, टाकीवरून हात फिरवला, आणि मग शहाण्या गिऱ्हाइकाने विचारायचं ते विचारलंच.

"गाडी पडली होती म्हनतेत. काई खोट तं नाई नं ब्रेकमंदी?"

सगळ्यांनी नईमकडे पाहिलं. प्रफुलने, मास्तरांनी, ओसरीवरून मनकर्णाबाईंनी, आणि त्यांच्या शेजारी मेथी निवडत बसलेल्या रामाजींनी. इतके दिवस उराशी धरलेलं ते आता तोंडातून निघून जाईल असं त्याला वाटलं, आणि निघून जावं असंही वाटलं.

"गाडीचं काई नाई, मास्तर," रामाजी म्हणाले. त्यांनी मेथीतून मान वर केली नाही. "माह्या पायाचं होतं ते. अंदाज नाई राह्यला आता."

"हो," लगेच मनकर्णाबाई म्हणाल्या. "पायच होता. मी मागंच होती नं."

"मी तं तवापासून सांगून राह्यलो," प्रफुल म्हणाला.

मास्तरांचं समाधान झालं. नईम त्यांना म्हणाला, "पॅडल जरा ढिलं वाटन. ते कसू नका. कोनी म्हटलं तरी कसू नका." आवाज नको तेवढा मोठा झाला होता. मास्तर त्याच्याकडे पाहतच राहिले आणि हो म्हणाले. मग त्यांनी किक मारली. बुलेटचा ठोका गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू आला, मोठ्या रस्त्याला लागला आणि विरत गेला. रामाजी तो संपेपर्यंत मेथीची एकच काडी हातात धरून होते. मनकर्णाबाई रस्त्याकडे पाहत नव्हत्या, त्यांच्याकडे पाहत होत्या.

नईम निघाला तर त्यांनी हाक मारली. "चहा घेऊन जा."

चहा करायला रामाजी आत गेले. रामाजी चार कप घेऊन बाहेर आले, पहिला बायकोच्या डाव्या हातात नीट धरवून दिला आणि ती पहिला घोट घेईपर्यंत कपाखाली स्वतःचा तळहात धरून उभे राहिले.

"बरा झाला," त्या म्हणाल्या.

नईमने घोट घेतला. चहात साखर घालायची राहिली होती. त्याने मनकर्णाबाईंकडे पाहिलं. त्या शांतपणे पीत होत्या. प्रफुल तोंड उघडणार, तेवढ्यात त्यांनी त्याच्याकडे असं पाहिलं, की त्यानेही मुकाट्याने कप तोंडाला लावला.

नईमने कप शेवटच्या घोटापर्यंत रिकामा केला, अंगणातल्या नळावर धुतला आणि ओट्यावर पालथा ठेवला.